दूध केव्हाच उतरवलं होतं

बेटा,

परवा कोजागिरीला गच्चीवर गाण्याची पाळी तुझ्यावर आली आणि तू दूध ढवळायला उठलीस. दूध तर मी केव्हाच उतरवलं होतं. पण बोलले नाही, कारण असं पळणं मी स्वतः तीस वर्षं केलंय.

शाळेत समूहगीताच्या वेळी बाई मला म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव." हलवले. शाळा सुटली तरी हलवतच राहिले, घरच्या आरतीतसुद्धा. गंमत बघ, त्याच वयात नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत मी महिनाभर घसा बसेस्तोवर गात होते. भाद्रपद पौर्णिमेला मातीची भुलाबाई, म्हणजे पार्वती, बसायची, ती थेट कोजागिरीपर्यंत. रोज संध्याकाळी या घरून त्या घरी. एकीचा आवाज चिरका, एकीचा घोगरा, धाकटी तर प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्दच तेवढा पकडायची. गाणी संपली की झाकलेला डबा कानाशी वाजवून खिरापत ओळखायची. ती सगळ्यांना मिळायची, बेसुरीलाही.

तुझं म्हणशील तर आवाज वाईट नाही, पट्टी चुकते. परवा पेटीवाल्या काकांनी स्वतःच्या सोयीची काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, सा म्हणून धरली. बायकांना ती बहुतेकदा एक तर फार खाली जाते, नाहीतर ओरडावं लागतं. आपल्याला काळी चार-पाच बरी. आणि खरोखरच सूर न कळणारी माणसं शंभरात एखाद-दोन. तू त्यातली कशी असशील? पेटी जरा उतरली की सगळ्यांत आधी तोंड तूच वाकडं करतेस!

मला यातून बाहेर काढलं ते खंजिरीनं. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) गावोगावी पोचवलेली ती खंजिरी आमच्या भजनात एक दिवस कोणीतरी माझ्या हातात कोंबली. ठेका चुकू नये या धास्तीत तोंडाकडे लक्षच राहिलं नाही आणि मी चक्क गात होते. श्वास संपला की गप्प बसायचं, ओळ बाकीचे ओढतात. पुढच्या शब्दाला आपण परत मिसळायचं. स्वीडनमधल्या गोटेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. लांब ओळीला सगळ्यांचा श्वास एकदमच सावकाश सुटतो, म्हणून ठोक्यांची गतीही बरोबरीनं वरखाली होते म्हणे. आमच्या मंडळात बोलणं बंद असलेल्या दोन जावा आहेत. बोलत अजूनही नाहीत, पण धृपद एकदम उचलतात.

स्टेजवर माइक धरायचा असेल तर मात्र रियाझ कर बाई. तिथं लोक तिकीट काढून येतात.

गुरुवारी साडेसातला भजनाला ये. कडव्यांच्या भानगडीत पडू नकोस, धृपद धर. माझ्या डाव्या बाजूला बस, उजव्या कानानं मला कमी ऐकू येतं. आणि येताना सतरंजी आण, आमची फाटली.

तुझी,
खालच्या मजल्यावरची मावशी