उत्तर: स्पॅम अपडेटचं नंतर बघू, आधी जुन्या लिंका उघडून बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की रेसिपीची साइट २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या डिझाइनवर नेली, सप्टेंबरचं ट्रॅफिक मागच्या सप्टेंबरच्या निम्म्यावर आलं, इम्प्रेशन (म्हणजे सर्चमध्ये तुमची लिंक किती वेळा दिसली तो आकडा) तर त्याहून जास्त खाली आले, आणि एजन्सी म्हणतेय की गूगलचं स्पॅम अपडेट (फसव्या साइटना खाली ढकलणारा बदल) आलंय, सगळ्यांचंच पडलंय, बॅकलिंकचं म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंकांचं पॅकेज घ्या. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही म्हणून एवढं लांब लिहितेय. २०२४ च्या मार्चमध्ये माझ्या एजन्सीने मला अगदी हेच सांगितलं होतं, फक्त तेव्हा अपडेटचं नाव वेगळं होतं.

मी डेव्हलपर नाही, एसइओचा (साइट सर्चमध्ये वर आणण्याचा) धंदाही करत नाही. माझी गच्चीवरच्या बागेची मराठी साइट आहे आणि ती सांभाळताना जे शिकावं लागलं तेवढंच सांगू शकते. तुमचं सर्च कन्सोल (आपली साइट गूगलमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं मोफत टूल) मी बघितलेलं नाही, त्यामुळे खालचं सगळं अंदाज धरून तपासा.

तुमच्या पोस्टमध्ये मला तीन वेगवेगळ्या घसरणी एकमेकींवर चढलेल्या दिसतात. आणि त्या सगळ्यांना मिळून अपडेट हे एकच नाव दिलं जातंय.

पहिली गणपतीची. तुम्ही सप्टेंबरची तुलना सप्टेंबरशी केलीत. २०२४ ला गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि अनंत चतुर्दशी १७ ला, म्हणजे मोदक, ऋषीची भाजी, गौरीचा नैवेद्य हा सगळा शोध सप्टेंबरातच झाला. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टलाच बसले आणि ६ सप्टेंबरला विसर्जनही झालं. मग सप्टेंबर कमी दिसणारच ना! मराठी साइटवाल्यांनी इंग्रजी तारखेने वर्षाची तुलना करूच नये असं माझं ठाम मत आहे, निदान सणांच्या पानांची तरी. सर्च कन्सोलमध्ये कस्टम तारखा टाकता येतात, तर चतुर्थीच्या आधीचे दहा दिवस यंदाचे आणि चतुर्थीच्या आधीचे दहा दिवस मागच्या वर्षीचे असं लावून बघा. डेटा १६ महिन्यांचाच मिळतो, त्यामुळे हे आत्ताच एक्सेलमध्ये काढून ठेवा. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे आणि गणपती १४ सप्टेंबरला, तेव्हा उलटं होईल, सप्टेंबर फुगलेला दिसेल आणि कोणीतरी त्याचं श्रेय घेईल.

दुसरी इम्प्रेशनची. २०२५ च्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गूगलने एका पानावर शंभर रिझल्ट मागायची सोय बंद केली. रँक तपासणारी टूल्स ती वापरायची, आणि त्यांच्या बॉटमुळे साठाव्या-सत्तराव्या नंबरावरच्या पानालाही इम्प्रेशन मोजलं जायचं. ते गेले. म्हणून खूप जणांचे इम्प्रेशन एकदम खाली आणि सरासरी पोझिशन एकदम छान. तुमच्या एजन्सीने पोझिशन सुधारल्याचा जो स्क्रीनशॉट पाठवलाय तो बहुतेक हाच प्रकार आहे. डिव्हाइसमध्ये फक्त डेस्कटॉप निवडा, मग फक्त मोबाइल. पडझड डेस्कटॉपच्या इम्प्रेशनमध्येच असेल आणि क्लिक जागेवर असतील तर त्याने झोप उडवून घेऊ नका, कारण तिथे माणसं नव्हतीच.

आता तिसरी, आणि माझ्या मते खरी तीच. नव्या डिझाइनबरोबर तुमच्या पानांचे पत्ते बदललेत का? तुम्ही एका ओळीत लिहिलंय की एजन्सीने 'यूआरएल एसइओ फ्रेंडली करून दिले'. तीच ओळ वाचून मी थांबले.

माझ्याकडे काय झालं ते सांगते. जुनी साइट वर्डप्रेसवर, स्लग (पत्त्याचा शेवटचा, पानाच्या नावाचा भाग) देवनागरीत. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब रांग दिसायची, ती मलाही आवडायची नाही. एजन्सीने सांगितलं की इंग्रजी स्लग हवेत, गूगलला देवनागरी नीट कळत नाही. हे साफ खोटं आहे. गूगलची स्वतःची सूचना आहे की पत्त्यात तुमच्या वाचकाच्या भाषेतले शब्द वापरा. आणि पत्त्यातल्या शब्दांचं रँकिंगमध्ये वजन अगदीच हलकं असतं हेही गूगलच्याच लोकांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. म्हणजे फायदा जवळपास शून्य आणि धोका केवढा तर सगळ्या साइटचा. कारण पत्ता बदलला की गूगलसाठी ते नवं पान. जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (पान कायमचं हलवलंय असं सांगून आपोआप नव्या पत्त्यावर नेणं) दिला तरच जुनी पुण्याई पुढे जाते, आणि तो एकेका पानाचा एकेका पानाला द्यावा लागतो.

माझ्या एजन्सीने तो दिला नाही. तुम्ही एडिटरमध्ये जाऊन एखाद्या पोस्टचं स्लग बदललंत तर वर्डप्रेस जुनं लक्षात ठेवतं आणि आपणहून नव्यावर पाठवतं. पण ह्यांनी थेट डेटाबेसमध्ये एका झटक्यात सगळे बदलले, त्यामुळे वर्डप्रेसला पत्ताच नाही. हे घडलं २०२४ च्या फेब्रुवारीच्या शेवटी. ५ मार्चला कोअर अपडेट (गूगलच्या मुख्य रँकिंगमधला मोठा बदल) सुरू झालं, ते १९ एप्रिलपर्यंत चाललं, आणि त्या काळात खरोखर भरपूर साइट पडल्या. एजन्सीला आयतं कारण मिळालं.

तरीही इथवर सावरता आलं असतं. खरी वाट लागली ती पुढे. वाचक कळवायला लागले की जुन्या लिंका उघडत नाहीत, मी एजन्सीला कळवलं, तिकीट काढा म्हणाले, काढलं, आठवडाभराने उत्तर आलं की प्रॉब्लेम सॉल्व्ह केलाय. केलं काय होतं तर न सापडणारं प्रत्येक पान होमपेजवर नेणारं एक प्लगिन टाकलं होतं. जास्वंदीवरच्या मिलीबगची लिंक उघडा, होमपेज. गांडूळखताची उघडा, होमपेज. सर्च कन्सोलमधला ४०४ चा (न सापडणाऱ्या पानांचा) आकडा हळूहळू खाली यायला लागला, ती पानं 'पेज विथ रीडायरेक्ट' आणि 'सॉफ्ट ४०४' (पान उघडतं, पण गूगल ते नसल्यासारखंच धरतं) मध्ये सरकली, आणि रिपोर्टमध्ये हिरवा बाण दाखवून मला सांगितलं गेलं की टेक्निकल एरर कमी झाले, आता राहिलं फक्त अपडेट. गूगल असल्या रीडायरेक्टला पान हलवलंय असं धरत नाही, पान गेलंय असंच धरतं, कारण होमपेज हे त्या पानाचं उत्तरच नाही. जखमेवर पट्टी लावून आत पू ठेवावा तसं झालं, बाहेरून दिसायचं बंद आणि आतून सगळं चालूच. त्या प्लगिनने मला जितकं नुकसान केलं तितकं कुठल्याही अपडेटने केलेलं नाही. वर्षानुवर्षं लोकांनी ग्रुपवर, यूट्यूबच्या वर्णनात, एका कृषी मासिकाच्या लेखात दिलेल्या लिंका होत्या, त्या सगळ्या कित्येक महिने वाया गेल्या, आणि दर महिन्याचं बिल मात्र वेळेवर येत होतं. आजही कोणी 'सगळे ४०४ होमपेजवर टाका' असा सल्ला दिला की माझं डोकं फिरतं.

तर तुम्ही आज एवढंच करा. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये डिझाइन बदलायच्या आधीच्या तीन महिन्यांची तारीख लावा, पेजेसमध्ये जा आणि वरच्या वीस लिंका इन्कॉग्निटो विंडोत एकेक उघडून बघा. त्याच रेसिपीवर गेली तर उत्तम, माझं म्हणणं चूक. होमपेजवर किंवा कॅटेगरीवर गेली, किंवा पान सापडत नाही असं आलं, तर तुमचं कारण सापडलं, मग अपडेटचा विषय बाजूला ठेवा.

मग जुन्या आणि नव्या पत्त्यांची जोडी लावायचं काम. पेजेसच्या त्या तक्त्यात फक्त १००० ओळी मिळतात, त्यामुळे जुना बॅकअप मागा, डेटाबेससकट. शीर्षकावरून जुने पत्ते ओळखायला जाऊ नका, मी सांगते का. वर्डप्रेसमध्ये स्लगला २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, मात्रा, हलन्त एन्कोड होऊन (टक्क्यांच्या चिन्हांत बदलून) नऊ जागा खातं. म्हणजे जेमतेम बावीस. 'उकडीचे मोदक करण्याची सोपी पद्धत' हे शीर्षक असेल तर स्लग 'उकडीचे-मोदक-करण्याची-सोप' इथेच तुटतं. सुरुवात सारखी असलेली दोन शीर्षकं असली की दुसऱ्याला शेवटी २ लागतो. हे अंदाजाने जुळत नाही, बॅकअपमधूनच घ्यावं लागतं. बॅकअप नसेलच तर वेबॅक मशीनवर (साइटच्या जुन्या प्रती जपणारी साइट) जुन्या साइटची कॅटेगरी पानं उघडून लिंका गोळा करता येतात, वेळखाऊ आहे पण होतं.

अजून एक खाच. एचटीॲक्सेस फाइलमध्ये (सर्व्हरच्या सेटिंगची फाइल) रीराइटचे म्हणजे पत्ता बदलायचे नियम लिहिणार असाल तर ॲपाचे (साइट चालवणारं सर्व्हरचं सॉफ्टवेअर) डीकोड झालेला, म्हणजे परत देवनागरीत आलेला पत्ता बघतो, त्यामुळे टक्क्यांवाली लिंक जशीच्या तशी चिकटवली तर नियम लागतच नाही आणि आपण समजतो झालं. रीडायरेक्शनचं एखादं साधं प्लगिन वापरलंत तरी दहा-बारा लिंका हाताने तपासा. ३०१ आहे का ३०२ (तात्पुरता रीडायरेक्ट) तेही बघा. आणि एकदा लावलेले रीडायरेक्ट काढू नका, गूगल किमान एक वर्ष ठेवा म्हणतं, मी म्हणते कायमचे ठेवा, त्याला काही भाडं लागत नाही.

फराळाचा सीझन तोंडावर आहे, त्यामुळे चकली, अनारसे, करंजी, शंकरपाळे ही पानं सगळ्यात आधी घ्या, बाकीची दिवाळीनंतर. माझ्याकडे रीडायरेक्ट लागल्यावर सुधारणा दिसायला काही आठवडे गेले, बरंचसं परत आलं, सगळं नाही आलं. तुमचं प्रकरण ताजं आहे त्यामुळे तुमची शक्यता माझ्यापेक्षा चांगली वाटते, पण खात्री कोणीच देऊ शकत नाही. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही हे गूगलने स्वतः लिहून ठेवलंय, तेव्हा देणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

लिंका बरोबर उघडत असतील तर मग रेसिपीचा स्कीमा (गूगलला रेसिपीची माहिती सांगणारा पानातला कोड) बघा. थीम बदलताना रेसिपी कार्डचं प्लगिन उडालं की सर्चमध्ये फोटो आणि वेळ दिसायचं बंद होतं, पोझिशन तीच राहते आणि क्लिक पडतात. सर्च कन्सोलमध्ये डाव्या बाजूला रेसिपीचा रिपोर्ट असतो, त्यात व्हॅलिड पानांची रेघ ऑगस्टमध्ये खाली आली असेल तर हेच. डिस्कव्हरचं (गूगल फोनवर न शोधताच लेख सुचवतं ते) ट्रॅफिकही वेगळं काढून बघा, ते कारण नसताना येतं आणि कारण नसताना जातं, त्यावर महिन्याचा हिशोब मांडूच नये.

आणि खरंच स्पॅम अपडेटने धरलं असेल तर? २६ ऑगस्ट ते २२ सप्टेंबर ते चाललं हे खरं. पण ताई, विचार करा, स्पॅमसाठी साइट धरली गेली असं म्हणणारा माणूस त्यावर उपाय म्हणून विकतच्या बॅकलिंक सुचवतोय. विकतच्या लिंका गूगलच्या नियमात स्पॅमच आहेत. सर्च कन्सोलमधलं मॅन्युअल ॲक्शनचं (गूगलच्या माणसाने केलेल्या कारवाईचं) पान उघडा, तिथे काही नसेल तर फेरविचाराचा अर्ज करायचा प्रश्नच येत नाही. डिसअव्हाउ टूलला (ह्या लिंका मोजू नका असं गूगलला कळवायचं टूल) तर हात लावू नका, ते विकतच्या लिंका घेतलेल्यांसाठी आहे. तुम्ही अजून घेतलेल्या नाहीत ना? मग तसंच राहू दे.

एजन्सीशी भांडण्याआधी मात्र चाव्या ताब्यात घ्या. हे मी सगळ्यांना सांगते. डोमेन कोणाच्या नावावर आहे, होस्टिंगचा लॉगिन कोणाकडे, सर्च कन्सोलमध्ये ओनर कोण. मला फुल ॲक्सेसही दिलेला नव्हता, नुसता दर महिन्याला पीडीएफ यायचा, त्यामुळे तो प्लगिनचा प्रकार कळायला इतका वेळ गेला. डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड (गूगलने दिलेली मजकुराची ओळ) टाकून स्वतःच्या जीमेलवरून डोमेन प्रॉपर्टी व्हेरिफाय करा, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे आणि मग तुमचा ॲक्सेस कोणाच्या मर्जीवर राहत नाही. एएमसी (एजन्सीचा वार्षिक देखभालीचा करार) संपायच्या आत पूर्ण बॅकअप आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, आणि मागताना फोनवर नको, ईमेलवर मागा.

वीस लिंकांचं काय निघालं ते इथेच लिहा, साइटचं नाव द्यायची गरज नाही, किती बरोबर उघडल्या आणि किती होमपेजवर गेल्या एवढं कळलं तरी पुढचं सांगता येईल. रीडायरेक्टची एक्सेल शीट कशी लावायची हे कोणाला हवं असेल तर माझी रिकामी शीट देते.