रेम्ब्रांची नक्कल करून तैलरंगातील व्यक्तिचित्रण गावात राहून शिकता येईल का?

येईल, मात्र नक्कल चेहऱ्याची नव्हे, रंगाच्या थरांची करावी. रेम्ब्रां या डच चित्रकाराने साधारण १६२८ मध्ये, वयाच्या बाविशीत रंगवलेले आत्मचित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असून त्याची मोठी प्रतिमा संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. मूळ चित्राची लाकडी फळी जेमतेम २३ बाय १९ सेंटिमीटरची असल्याने प्रत मूळ आकारातच करता येते. मी यवतमाळकडच्या एका खेड्यात याच चित्रावर हात बसवला.

त्यात डोळे जवळजवळ पूर्ण सावलीत आहेत. उजेड मान, गाल, कानाची पाळी आणि नाकाचे टोक एवढ्यालाच शिवतो. म्हणून आधी केवळ रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगाने, तो टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, सावल्यांचे आकार बसवावेत. सावली पातळ, उजेड जाड, हा क्रम मोडू नये. केसांची वलये त्याने ओल्या रंगात कुंचल्याच्या मागच्या टोकाने खरवडून काढली आहेत. ते करताना रंग ओला नसेल, तर नुसते ओरखडे उठतात.

वरच्या थरांत तेलाचे प्रमाण वाढवत न्यावे, अन्यथा पुढे रंगाला भेगा पडतात. आपल्याकडे घाण्यावरचे जवसाचे तेल सहज मिळते, पण ते चटणीवरच घ्यावे: शुद्ध न केलेले हे तेल हळू वाळते आणि फार पिवळे पडते, याचा भुर्दंड माझ्या पहिल्या दोन प्रतींनी भरला आहे. चित्रकारांसाठीची शुद्ध केलेली बाटली शहरातून मागवावी. पहिली प्रत झाल्यावर घरातल्याच कोणाला तरी दाराच्या तिरप्या उजेडात बसवून त्याच क्रमाने रंगवावे.