रीबॉर्न बाहुलीचा फोटो चोरून नकली माल विकला जातोय. काय करावं, आणि आपली ओळख कशी राखावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही विकत आणलेल्या किटवर, म्हणजे शिल्पकाराच्या साच्यातून ओतलेल्या न रंगवलेल्या डोकं-हात-पायांवर, रीबॉर्न बाहुल्या, म्हणजे खऱ्या तान्ह्या बाळासारख्या दिसणाऱ्या बाहुल्या रंगवता. एकीची किंमत ३५,००० रुपये. तुमच्याच बाहुलीचा फोटो लावून तीन ऑनलाइन दुकानं ती २,४९९ ला विकतायत आणि गिऱ्हाईक तुम्हालाच महाग म्हणतंय. शिवाय आपली ‘स्टाइल’ कायद्याने राखता येते का, असंही तुम्ही विचारलंय.

‘नक्कल’ या एका शब्दात तुम्ही तीन गोष्टी एकत्र केल्यात. साच्याची नक्कल होते तेव्हा नुकसान शिल्पकाराचं. फोटो उचलला जातो तेव्हा नुकसान तुमचं. आणि शैली कुणी उचलली तर त्यावर सहसा कायदेशीर इलाज नसतो. २,४९९ वाल्याने तुमच्या बाहुलीची नक्कल केलेली नाही, कारण ती त्याने कधी हातातही घेतलेली नाही. त्याच्या पार्सलमधून निघते ती कडक प्लास्टिकची, छापील भुवयांची, फोटोपेक्षा बरीच लहान बाहुली. त्याने चोरलाय तो फोटो, तेव्हा तक्रारही फोटोचीच करा.

पण तक्रारीआधी एक काम करा, थोडं अप्रिय आहे. तुमचं स्वतःचं किट अस्सल आहे का ते तपासा. स्वस्तात मिळालं म्हणून घेतलेल्या किटवर काम करणारे पुष्कळ जण नकळत चोरीच्या साच्यावर रंगवत असतात. अशा बाहुलीच्या फोटोवरून भांडायला गेलात की समोरचा तुमच्याच किटकडे बोट दाखवतो, आणि मूळ शिल्पकारही तुमच्या बाजूने उभा राहत नाही.

नकली किट कसं बनतं हे कळलं की ते ओळखणं सोपं जातं. शिल्पकार आधी पॉलिमर क्लेमध्ये बाळ घडवतो. त्यावरून मेणाची प्रत काढून बारकावे साफ करतात, मेणावर तांब्याचा थर चढवून साचा करतात आणि त्यात द्रव व्हिनाइल (एक मऊ प्लास्टिक) तापवून डोकं, हात, पाय ओततात. नकलाकाराकडे मूळ मेण नसतं. तो बाजारातलं अस्सल किट घेतो आणि त्याच्यावरूनच साचा काढतो. व्हिनाइल थंड होताना आकसतं. अस्सल भाग एकदा आकसलेला असतो, त्याच्यावरून काढलेली प्रत दुसऱ्यांदा आकसते. म्हणून नकली भाग जरा लहान भरतात. जाहिरातीत २० इंच लिहिलेलं असतं, जोडल्यावर बाहुली तेवढी होत नाही, डोळ्यांची खोबणही किंचित तोकडी पडते. टेप घ्या, डोक्याचा घेर आणि पायाच्या तळव्याची लांबी मोजा, शिल्पकाराने दिलेल्या मापांशी ताडून बघा.

दुसरी खूण बारकाव्यांची. प्रतीवरून प्रत काढताना आधी मरतात त्या बारीक रेषा: ओठांवरच्या उभ्या चुण्या, नखांच्या कडा, तळहाताच्या रेषा, कानाच्या आतली घडी. अस्सल भागावर बोट फिरवलं तर नखाची कड बोटाला लागते, नकलीवर ती साबणाची वडी वापरून गुळगुळीत व्हावी तशी लागते. मानेमागे बहुधा शिल्पकाराचं किंवा किटचं नाव उठवलेलं असतं. नकलीवर ते पुसट असतं किंवा घासून काढलेलं असतं, आणि घासल्याचा सपाट डाग तिरप्या उजेडात चटकन दिसतो.

प्रमाणपत्राबाबत मात्र घाई नको. मर्यादित आवृत्तीच्या किटबरोबर क्रमांकाचं प्रमाणपत्र येतं, खुल्या, म्हणजे संख्येचं बंधन नसलेल्या आवृत्तीबरोबर ते नसूही शकतं. तेव्हा प्रमाणपत्र नाही म्हणजे नकली असं नाही, आणि आहे म्हणजे अस्सल असंही नाही, कारण कागद छापणं व्हिनाइल ओतण्यापेक्षा सोपं आहे. क्रमांक शिल्पकाराला किंवा उत्पादकाला कळवून विचारा. अधिकृत विक्रेत्यांची यादी बहुतेक जण स्वतःच्या साइटवर देतात. संपलेली मर्यादित आवृत्ती कुणाकडे नवीकोरी, हवी तितकी आणि पाव किमतीत मिळत असेल, तर पुढे तपासायचं काही उरत नाही.

रंग पक्का करायला भाग ओव्हनमध्ये भाजता तेव्हाही फरक कळतो, पण तोवर पैसे गेलेले असतात. हीट-सेट रंग साधारण १३० अंश सेल्सियसला पक्का होतो, प्रत्येक थराला ८ ते १० मिनिटं. चांगलं व्हिनाइल अशा वीस-तीस फेऱ्या सोसतं. हलकं व्हिनाइल पाचव्या-सहाव्या फेरीतच तुकतुकीत होतं, पिवळट पडतं किंवा जाळीला टेकलेला गाल चपटा होतो. अर्थात प्रत्येक चपटा गाल नकली किटमुळेच होतो असं नाही. ओव्हनच्या बटणावरचा आकडा दहा-वीस अंशांनी सहज खोटा असतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि भाग टॉवेलच्या चुंबळीवर बसवा. रंगवण्याआधी भांडी घासायच्या साबणाने भाग धुवा, साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. आणि तो ओव्हन स्वयंपाकाचा नको. खोलीत हवा खेळती हवी.

आता फोटो. फोटो तुम्ही काढला असेल तर भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे त्याचा पहिला हक्क तुमचा. पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तरीही तुमचाच. नोंदणी सक्तीची नाही. कामाचा क्रम असा ठेवा:

१. मोबाइलवरच्या गूगल लेन्समध्ये तुमचा फोटो टाकून तो आणखी कुठे लावलाय ते शोधा. तीन दुकानं सापडलीत, पण दहाव्या ठिकाणीही तो असू शकतो.
२. प्रत्येक पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, वर पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे. तक्रार गेल्यावर पानं गायब होतात, मग पुरावा उरत नाही.
३. मूळ फाइल शोधा. कॅमेऱ्यातून आलेली, न कापलेली, तारखेसकट. त्याच बैठकीतले न टाकलेले दोन-चार फोटोही जोडा. चोराकडे हे कधीच नसतात.
४. दुकान मोठ्या बाजारपेठेवर असेल तर तिथल्या बौद्धिक संपदा तक्रारीच्या फॉर्मवर ‘कॉपीराइट’ निवडा, ‘नकली माल’ नव्हे. नकली मालाच्या तक्रारीत ट्रेडमार्क क्रमांक मागतात आणि तो नसला की तक्रार अडकते.
५. फॉर्मने भागलं नाही तर कॉपीराइट नियम, २०१३ मधला ७५वा नियम दाखवून लेखी तक्रार द्या. मध्यस्थाने, म्हणजे ते पान दाखवणाऱ्या बाजारपेठेने किंवा साइटने, ३६ तासांत पावलं उचलायची असतात. मात्र तुम्हालाही २१ दिवसांत दावा दाखल करून न्यायालयाचा आदेश आणण्याची हमी लिहून द्यावी लागते. आदेश आला नाही तर ते पान परत दिसू शकतं. म्हणून हा मार्ग शेवटी.
६. साइट स्वतंत्र असेल आणि सर्व्हर अमेरिकेत असेल तर तिथल्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याखालची नोटीस साइटला नव्हे, तिला सर्व्हरवर जागा देणाऱ्या होस्टिंग कंपनीला पाठवा.

फसलेलं गिऱ्हाईक तुमच्याकडेच चिडून आलं तर त्याला पैशांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनकडे किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ कडे पाठवा. वाद घालत बसू नका, ते चुकीच्या दारात आलेत एवढंच.

पुढचे फोटो टाकताना वॉटरमार्क कोपऱ्यात नको, कोपरा कापायला दोन सेकंद लागतात. गाल आणि छाती यांच्यावरून तिरपा, फिकट जाऊ द्या. जाहीर फोटोची लांब बाजू १,२०० पिक्सेलच्या आत ठेवा.

शैलीचं काय? गालावरची लाली अमुक प्रकारे लावण्याची पद्धत कुणाच्या मालकीची होत नाही, आणि ते बरंच आहे. रीबॉर्नची सुरुवातच मुळी दुसऱ्याच्या बाहुल्यांवर झाली. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी कारखान्यातल्या व्हिनाइल बाहुल्यांचा रंग ॲसिटोनने उतरवून त्या नव्याने रंगवल्या, तिथून हा धंदा उभा राहिला. पण मूळ आकार तुम्ही स्वतः घडवलात तर गोष्ट निराळी. जर्मनीत केटे क्रूझ या बाहुलीकार बाईंनी आपल्या बाहुल्यांची नक्कल करणाऱ्या बिंग या मोठ्या खेळणी कंपनीवर दावा लावला आणि १९२५ मध्ये जिंकला. बाहुली ही कलाकृती आहे, हे तिथे न्यायालयाने मान्य केलं. त्याच सुमारास त्यांनी वजन भरलेलं, बाळंतपणाच्या वर्गात शिकवायला वापरता येईल असं तान्हं बाळही केलं होतं. म्हणजे हातात जड लागणारी बाहुली ही आजची टूम नव्हे. आणि त्यांच्या बाहुलीची ओळख कुठे असे? डाव्या तळपायावर, नाव आणि क्रमांक.

आपल्याकडे स्वतःच्या शिल्पाला एक खोच आहे. एकुलती एक बाहुली कलाकृती म्हणून कॉपीराइटमध्ये बसते. पण साच्यातून औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त प्रती काढल्या आणि डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी केलेली नसली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तो कॉपीराइट संपतो. डिझाइनच्या नोंदणीने १० वर्षं मिळतात, आणखी ५ वाढवता येतात. अट अशी की अर्जाआधी डिझाइन जाहीर झालेलं नसावं. क्लेचा फोटो उत्साहात इन्स्टाग्रामवर टाकला की नवेपण गेलं. नावाचं मात्र आजच करता येईल: ट्रेडमार्क वर्ग २८ (खेळण्यांचा वर्ग), एका व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये. ट्रेडमार्क असला की वरची ‘नकली माल’ वाली तक्रारही उघडी होते.

आता ज्याची नक्कल होत नाही त्याकडे वळू. साचा तुमचा नाही, त्यामुळे तुमची ओळख कातडीवर आणि केसांत आहे. आणि इथेच आपल्याकडचे बरेच जण चुकतात. शिकवण्या सगळ्या गोऱ्या, गुलाबी बाळांच्या. म्हणून आपल्याकडच्या बाहुल्याही तशाच होतात आणि मग शेकडो सारख्या बाहुल्यांतली तुमची एक. आपल्याकडचं बाळ रंगवून बघा. फक्त तपकिरी रंग वाढवला तर बाहुली मातीची दिसते. खाली पातळ हिरवट-जांभळा थर, त्यावर पिवळी माती आणि भाजक्या तपकिरीचे थर, प्रत्येक थर थिनरने इतका पातळ की एकट्याने दिसूच नये. स्पंजने थापटून डाग तुटक ठेवा. गहूवर्णी बाळाची बोटांची पेरं, कानाच्या कडा आणि मानेच्या वळ्या बाकी अंगापेक्षा गडद असतात, ओठांची कड तपकिरी आणि आतला भाग गुलाबी असतो, तळवे मात्र उजळ. तळव्यांना अंगाचाच रंग लावला की सगळं काम फुकट जातं.

जावळही तसंच. काळंभोर मोहेर (अंगोरा शेळीचे केस) घेऊ नका, गडद तपकिरी घ्या, ४२ किंवा ४३ गेजच्या सुईने एका भोकात एक ते दोन तंतू, सुई जवळजवळ आडवी धरून. भोवरा डोक्याच्या बरोबर मध्यावर बसवला की टोपी घातल्यासारखं दिसतं, तो किंचित बाजूला घ्या आणि केसांची दिशा त्याच्याभोवती फिरवा. टाळूवर विरळ, कपाळाकडे आणखी विरळ. रूटिंगआधी, म्हणजे केस रोवण्याआधी, डोकं कोमट करा, नाहीतर सुया मोडतात. कामाला ३० ते ५० तास जातात, कारखान्याला ते परवडत नाहीत.

वजनासाठी बारीक काचेचे मणी, २० इंची बाहुलीला सव्वादोन ते पावणेतीन किलो, डोकं मुद्दाम जड म्हणजे उचलताना मान कलंडते. लोखंडी छर्रे नकोत. कोकणपट्टीच्या दमट हवेत ते गंजतात आणि डाग कापडी धडातून बाहेर येतो.

स्पंजने थापटलेल्या डागांची नक्षी पुन्हा तुम्हालाही जमणार नाही. तीच तुमची सही. प्रत्येक बाहुलीच्या डाव्या गुडघ्यामागचा आणि मानेमागचा अगदी जवळचा फोटो काढून जपून ठेवा, तो कधीच जाहीर करू नका. पायाच्या आतल्या कडेवर, जो भाग धडात जातो तिथे, हीट-सेट रंगाने नाव, क्रमांक आणि महिना लिहून भाजून घ्या. स्वतःच्या प्रमाणपत्रावर शिल्पकाराचं नाव, किटचं नाव आणि आवृत्तीचा क्रमांक आधी, तुमचं नाव नंतर. कुणीही विचारण्याआधी हे सांगणारी माणसं या धंद्यात थोडी आहेत. खरं तर नकली मालातून तुम्हाला वेगळं काढणारी हीच पहिली गोष्ट.

प्रमाणपत्रावर आणि खोक्यावर ‘१४ वर्षांवरील संग्राहकांसाठी, खेळणं नव्हे’ हेही लिहा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्यांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. एकीकडे ‘संग्राहकांसाठी’ म्हणायचं आणि जाहिरातीत ‘लाडकीच्या वाढदिवसाला’ असं लिहायचं, हे चालत नाही.

राहिलं ते ‘तिकडे २,४९९ ला मिळते’ म्हणणारं गिऱ्हाईक. किंमत कमी करू नका, त्याने काहीच सिद्ध होत नाही. त्यांना म्हणा, त्या दुकानाकडे एकच गोष्ट मागा: बाहुलीशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून तिच्या मानेमागचा फोटो. असाच फोटो तुम्ही स्वतः लगेच पाठवून द्या. त्यांचा फोटो आला, तर मापं घ्यायला मलाही दाखवा.