आकडा कुठल्या रकान्यात बसतो, ते बघ

मित्रा,

युनियनच्या कमिटीवर निवडून आलास आणि पहिल्याच पगारवाढीच्या कराराला मंदी आडवी आली. यार्डात गाड्या उभ्या, महिन्यातून चार-चार दिवस ब्लॉक क्लोजर म्हणून कारखानाच बंद, आणि गेटवर पोरं विचारतात, "किती हजार आणणार?" काल फोनवर तुझा आवाज बसलेला ऐकला, म्हणून लिहायला घेतलं.

मंदीत आकडा फारसा वाढत नाही. पण तो कुठल्या रकान्यात बसवायचा, यावर भांडता येतं. आम्ही २००९ साली ३००० रुपयांवर सह्या केल्या, पेढे वाटले. सगळी रक्कम 'विशेष भत्त्यात'. बेसिकमध्ये एक रुपया नाही. ग्रॅच्युइटी निघते बेसिक अधिक महागाई भत्त्यावर, दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. तेच ३००० बेसिकला लागले असते, तर २० वर्षं नोकरी झालेल्याला साडेचौतीस हजार जास्त मिळाले असते. पीएफ वेगळाच. आमचा एक फिटर निवृत्त झाल्यावर हिशेबाचा कागद घेऊन घरी आला. भत्त्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "दादा, हे धरलंच नाही की." करारावर सही माझी होती. ते बोट अजून डोळ्यांपुढून जात नाही. आता नव्या वेतनसंहितेने भत्त्यांना निम्म्याची मर्यादा घातली आहे, पण त्या निम्म्यातही बरंच लपतं.

मुदतीचंही तसंच. पडत्या काळात व्यवस्थापन लांब मुदतीचा करार मागणारच. तू कमी मुदत माग. नाहीच जमलं तर उत्पादन पूर्वपदावर आलं की फेरबोलणी, असं कलम लिहून घे. तोंडी शब्दावर उठू नकोस.

संपाची भाषा करणारे भेटतील. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि हजारो घरं उघड्यावर आली. त्यांच्या मागण्या खऱ्या होत्या, हे कुणासमोरही सांगेन. पण माल पडून असताना मालकाला बंद परवडतो, आपल्याला नाही.

आणि एक. "जुन्यांना वाढ देतो, नव्या भरतीला कमी स्केल ठेवू," असं म्हणतील. तिथे सही करू नकोस. पुढच्या कराराला तीच पोरं तुझ्या मागे उभी राहायची आहेत.

मसुदा हातात आला की रविवारी घरी ये. जुनी पगारपत्रकं काढून ठेवतो, ओळ न् ओळ लावून बघू.

तुझा,
दादा