बोट बसली तळाला, छप्पर मात्र कोरडं

यावेळी इंग्लंडच्या कालव्यांवर बोटीत राहणाऱ्या वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा उघडला तर पहिल्या पाचातली तीन बुडालेल्या बोटींचीच निघाली. हिवाळा सरता सरता हे होतंच. म्हणून बाकीचे प्रश्न, म्हणजे स्टोव्ह, टॉयलेट, सोलर वगैरे, पुढच्या अंकात. आज फक्त पाणी.

प्रश्न : काका, घरभाडं परवडेना म्हणून आम्ही नवरा-बायकोने गेल्या वर्षी जुनी नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांबट अरुंद पोलादी बोट, घेतली, ५७ फुटी, १९८९ची, क्रूझर स्टर्नवाली, म्हणजे मागे मोकळा डेक असलेली. ग्रँड युनियन कॅनॉलवर असतो. चार दिवस मैत्रिणीकडे राहून परत आलो तर मागचा भाग पाण्यात, पुढचं टोक वर, बोट एका बाजूला कललेली. छप्पर आणि खिडक्यांचा वरचा भाग तेवढा दिसतोय. शेजाऱ्याने पंप दिला, ह्यांनी तीन तास चालवला पण पाणी तसूभर उतरलं नाही. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी आहे. गेली का हो आमची बोट?
— एक वाचक, नॉर्थँप्टनशायर

उत्तर : नाही गेली. आधी पंप बंद करा आणि चहा घ्या, मग पुढचं वाचा. इथले कालवे बहुतेक ठिकाणी तीन-चार फूटच खोल असतात, त्यामुळे बोट बुडते म्हणजे खरं तर खाली बसते. तुमचं छप्पर दिसतंय ना, मग निम्मं काम देवाने केलंय.

तीन तास पंप चालूनही पाणी का उतरलं नाही, तर बोटीचा काठ किंवा इंजिनच्या खणाची तोंडंच पाण्याखाली आहेत. तुम्ही कालव्याचं पाणी उपसून कालव्यातच ओतताय आणि ते मागच्या दाराने परत आत येतंय. असा तुम्ही अख्खा ग्रँड युनियन उपसलात तरी फरक पडणार नाही. आधी भोक बुजवायचं, मग काठ उंच करायचा, मग उपसायचं. हा क्रम उलटा केल्यामुळेच लोकांचे दोन-दोन दिवस वाया जातात.

त्याच्याही आधी एक. किनाऱ्यावरच्या खांबातून वीज घेतली असेल तर ती खांबापाशी बंद करा, बोटीत उतरून नाही. गॅस सिलिंडर हाताशी असतील तर व्हॉल्व्ह बंद करा, पाण्याखाली असतील तर राहू द्या. कललेल्या बोटीत एकट्याने किंवा अंधारात अजिबात उतरू नका, ती चिखलावर टेकलेली असते आणि कधी सरकेल सांगता येत नाही. कालव्याच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, तेव्हा हाताला कुठे खरचटलं असेल तर ग्लोव्हज घालूनच काम करा. पुढे आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला कालव्याचं नक्की सांगा, नाहीतर तो फ्लू म्हणून घरी पाठवेल.

मग फोन. कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टला, म्हणजे इथले कालवे सांभाळणाऱ्या संस्थेला, कळवा, वाट अडलेली असो वा नसो. लोक दंडाच्या भीतीने लपवतात, आणि ते महागात पडतं. ब्रिटिश वॉटरवेज अॅक्ट १९८३च्या कलम ८ खाली बुडालेली किंवा टाकून दिलेली बोट नोटीस देऊन उचलायचा आणि खर्च मालकाकडून वसूल करायचा अधिकार त्यांना आहे. तुम्ही स्वतःहून कामाला लागलेले दिसलात तर सहसा वेळ देतात. पाण्यावर डिझेलचे रंग तरंगताना दिसले तर एन्व्हायर्नमेंट एजन्सीलाही, म्हणजे सरकारच्या पर्यावरण संस्थेलाही, कळवा, आणि तेलकट पाणी कालव्यात उपसू नका. तिसरा फोन इन्शुरन्सला. थर्ड पार्टी असली तरी पॉलिसीत रेक रिमूव्हल म्हणून एक ओळ असू शकते, म्हणजे बुडालेली बोट हलवायचा खर्च. ती ओळ शोधा, तुमचा सगळा हिशोब तिच्यावर आहे.

आता भोक. मागचं टोक खाली गेलंय म्हणजे माझा पहिला संशय वीड हॅचवर. प्रोपेलरमध्ये अडकलेल्या पिशव्या काढायची ती पेटी, तिचं झाकण नीट आवळलं नसेल तर बोट चालताना प्रोपेलर पाण्याचा फवाराच आत मारतो. मी स्वतः एकदा हे केलंय, पिशवी काढली, झाकण ठेवलं, क्लॅम्प आवळायचं विसरलो, आणि पाऊण तासाने पायाखालून घोंघों आवाज यायला लागला तेव्हा कळलं. तुमची बोट बांधलेली होती म्हणून दुसरा संशय स्टर्न ग्लँडवर, म्हणजे प्रोपेलरचा दांडा जिथून बाहेर जातो तिथलं पॅकिंग. ते थेंब थेंब गळतंच, पण थेंबाची धार कधी होते ते समजत नाही. तिसरा संशय क्रूझर डेकच्या पन्हळीवर. फळ्यांच्या कडेची ती पन्हळ पानांनी तुंबली की डेकवरचं सगळं पावसाचं पाणी बाहेर न जाता इंजिनच्या खणात उतरतं. चौथी गोष्ट म्हणजे पत्र्यालाच पडलेलं भोक, १९८९ची बोट आहे, ते नाकारता येत नाही.

भोक छोटं असलं तरी हिशोब बघा. एक इंच व्यासाचं भोक पाण्याखाली फूटभर असेल तर मिनिटाला साधारण ४० लिटर पाणी आत येतं, म्हणजे तासाला अडीच टनाच्या आसपास. तुमच्या मापाची बोट टनभर पाण्याला साधारण इंचभर खाली जाते. ऐकायला हे सावकाश वाटतं, पण पाणी सगळीकडे सारखं पसरत नाही, ते इंजिनच्या वजनाने आधीच खाली असलेल्या मागच्या टोकाकडे धावतं. तिथे एक्झॉस्टचं तोंड, हवेच्या जाळ्या पाण्याला टेकल्या की दुसरं भोक, मग तिसरं. म्हणूनच लोक म्हणतात रात्री झोपताना ठीक होती आणि सकाळी नव्हती.

बुजवायला भारी काही लागत नाही. पाइपाच्या भोकाला लाकडी बूच, ग्लँडभोवती ग्रीसमध्ये भिजवलेल्या चिंध्या आवळून, पत्र्याच्या भोकाला पाण्याखाली चिकटणारी इपॉक्सी पुट्टी. ताडपत्री बाहेरून लावा, पाण्याचा दाबच तिला भोकावर चिकटवतो, आतून लावलीत तर तोच दाब तिला ढकलून देतो. आणि चिकणमाती विसरू नका. हे सगळे कालवे मुळात कालवलेल्या चिकणमातीचं अस्तर देऊनच पाणी धरून आहेत, जी माती अडीचशे वर्षं कालवा गळू देत नाही ती तुमची जाळी दोन तास नक्की सांभाळेल.

मग काठ उंच करायचा. पाण्याखाली असलेली दारं, जाळ्या, इंजिनच्या खणाची कड, सगळ्याला प्लायवूड आणि प्लॅस्टिक शीट लावून पाण्याच्या पातळीच्या वर भिंत आणायची. भिंत थोडी गळली तरी चालेल, आत येणाऱ्या पाण्यापेक्षा पंपाने जास्त पाणी बाहेर टाकलं की झालं. तुमच्या शेजाऱ्याचा पंप बहुतेक छोटा बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी काढायचा पंप, असेल, तो इथे पुरणार नाही. दोन-तीन इंची पाइपाचे पेट्रोल पंप भाड्याने मिळतात, दोन आणा, कारण एकाच्या तोंडात तुमची उशी किंवा मोजा अडकणारच. पंप काठावरच ठेवा, बोटीत नाही. पेट्रोल इंजिनाच्या धुराने बंद जागेत माणूस बसल्या बसल्या जातो.

उपसताना घाई नको. अर्धवट भरलेली बोट म्हणजे पाण्याने भरलेली परात हातात घेऊन चालणं, जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. दोन्ही टोकांना दोऱ्या बांधून काठावर माणसं उभी करा, आणि खाली गेलेल्या बाजूचा कोपरा आधी उपसा. चिखल बोटीला धरून ठेवतो, बराच वेळ काहीच होत नाही आणि मग मागचं टोक एकदम सुटून वर येतं, तेव्हा तिच्यावर कुणी उभं नको. तरंगली की घरी जाऊन झोपू नका, ती रात्र पंपाशेजारी काढा. आणि तिथून सरळ ड्राय डॉक, म्हणजे बोट पाण्याबाहेर घेऊन तळ दुरुस्त करायची जागा.

बोट लॉकमध्ये, म्हणजे बोट वर-खाली न्यायच्या दरवाजांच्या कुंडात, बुडली असेल तर हे काहीही स्वतः करू नका. लॉकच्या वरच्या दरवाजाखाली उंबरा असतो, खाली जाताना बोटीचं मागचं टोक त्याच्यावर अडकलं की पाणी उतरत जातं तशी बोट नाकावर उभी राहते. तिथे खोली खूप असते आणि ट्रस्टला दोन्हीकडचं पाणी अडवून काम करावं लागतं.

प्रश्न : आमची बोट वर आली. इंजिन दोन दिवस पाण्याखाली होतं. मेकॅनिक म्हणतो भंगारात टाका, नवीन बसवून देतो. खरं का?
— एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : मेकॅनिक बदला. जुनी साधी डिझेल इंजिनं दोन दिवसांच्या बुडण्याने मरत नाहीत, बाहेर काढल्यावर हवेत गंजत ठेवल्याने मरतात. बुडालेलं असतं तोवर गंज सावकाश चढतो, वर आल्यावर तासांचा खेळ असतो.

उत्सुकतेपोटीसुद्धा स्टार्टर फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग मेकॅनिकचं म्हणणं खरं होतं. इंजेक्टर काढा, इंजिन हाताने फिरवा, पाणी भोकांतून बाहेर उडेल. ऑइल काढा, ते दुधाळ कॉफीसारखं दिसेल. स्वस्तातलं नवीन ऑइल भरा, सिलिंडरमध्येही थोडं सोडा, परत फिरवा, परत काढा, फिल्टर बदला, दुधाळपणा जाईपर्यंत हेच चालू ठेवा. गिअरबॉक्सचंही तेच. डिझेलची टाकी रिकामी करून साफ करा, लाइन ब्लीड करा, म्हणजे तिच्यातली हवा काढा. स्टार्टर आणि अल्टरनेटर उघडून धुऊन सुकवता येतात, जमलं नाही तर बदला. बॅटऱ्या, इन्व्हर्टर, चार्जर यांच्यावर मात्र वेळ घालवू नका, ते गेले. बुडालेल्या लिथियम बॅटरीला तर हातही लावू नका, जाणकाराला बोलवा. गॅसची लाइन गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची इथली अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही.

प्रश्न : महिना झाला, हीटर लावून बोट आतून कोरडी ठणठणीत केली, पण कुबट वास जात नाही.
— एक वाचक, ऑक्सफर्डशायर

उत्तर : कारण बोट कोरडी नाहीये, तुम्हाला दिसतो तेवढा भाग कोरडा आहे. फ्लोअरच्या प्लायखाली बॅलास्टच्या, म्हणजे बोट स्थिर राहावी म्हणून वजनाला ठेवलेल्या, विटा किंवा फरशा असतात, त्यांच्याखाली पाणी अजून साचलेलं असणार आणि ते तळाचा पत्रा आतून खातंय. फ्लोअर उचला. हो, सगळं. विटा बाहेर काढा, पाणी पुसा, पत्रा सुकू द्या, गंज घासा, रंग लावा. भिंतींमागे रॉकवूल, म्हणजे थंडी अडवणारी दगडी लोकर, असेल तर तेही काढावं लागेल, ते एकदा भिजलं की सुकत नाही. स्प्रे फोम असेल तर नशीबवान आहात. मग डीह्युमिडिफायर, आणि महिन्या-दोन महिन्यांची तयारी ठेवा.

प्रश्न : सर्व्हेत तळाचा पत्रा काही ठिकाणी ४ मिलिमीटरच्या खाली आलाय. ओव्हरप्लेटिंग, म्हणजे जुन्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्ड करून घेणं, करू का?
— एक वाचक, चेशायर

उत्तर : ४ मिलिमीटरच्या खाली इन्शुरन्स कंपन्या फुल कव्हर द्यायला कां-कूं करतात, म्हणून काहीतरी करावं लागेलच. खड्डे मोजकेच असतील तर ते वेल्डिंगने भरून घ्या किंवा तेवढ्याच जागी पट्टी मारा. सगळा तळ झाकायचा म्हटलं तर हिशोब करा, ५७ फुटी बोटीच्या तळाला ४ मिलिमीटरचा पत्रा म्हणजे जवळपास टनभर लोखंड, म्हणजे बोट कायमची इंचभर खाली. आधीच पाण्याच्या जवळ असलेलं शॉवरचं किंवा एक्झॉस्टचं भोक आणखी जवळ येतं, आणि माझ्या मते गळती दुरुस्त करून नंतर बुडणाऱ्या बोटींत हे कारण पुष्कळदा असतं. तेवढं बॅलास्ट काढा आणि भोकं वर घ्या, वेल्डर हे स्वतःहून सांगेलच असं नाही. मॅग्नेशियमचे अॅनोड (पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) आणि गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (किनाऱ्यावरच्या विजेच्या जोडणीतून होणारी पत्र्याची झीज रोखणारं उपकरण) नसतील तर त्याच वेळी बसवा.

प्रश्न : पूर्वीच्या लाकडी बोटी गळत नव्हत्या का? सहज कुतूहल.
— एक वाचक, लीड्स

उत्तर : गळायच्याच. डांबर, गाईचे केस आणि घोड्याची लीद एकत्र गरम करून फळ्यांना लावायचे, त्याला चॅलिको म्हणत. बोट ओढणारा घोडा बरोबरच असायचा, माल फुकटात. आणि लाकडी बोट उन्हात सुकली की फळ्यांमध्ये फटी पडतात, म्हणून वापरात नसलेली बोट मुद्दाम पाण्यात बुडवून ठेवायची पद्धतही होती. तुमची पोलादी बोट असेल तर हा प्रयोग करू नका.

प्रश्न : डिसेंबरात दोन महिने भारतात जातोय. ऑटोमॅटिक बिल्ज पंप आहे, म्हणजे काळजी नाही ना?
— एक वाचक, विल्टशायर

उत्तर : पंप बॅटरीवर, बॅटरी सोलरवर, आणि डिसेंबरात इथे सोलर म्हणजे शोभेचं. शिवाय चालू पंप गळती लपवतो, तो बंद पडतो तेव्हाच कळतं किती गळत होतं. जायच्या आधी ग्लँडला ग्रीस देऊन आवळा, डेकच्या पन्हळी साफ करा, नळांचं सगळं पाणी काढून टाका, नाहीतर गोठून पाइप फुटला की टाकीतलं पाणी बोटीतच येतं. दोऱ्या ताणून बांधू नका, कालव्याची पातळी उतरली तर बोट एका बाजूने लटकते. शेजारच्या बोटवाल्याला आठवड्याला एक चक्कर मारायला सांगा, किल्ली द्या, आणि पंपाचं बटण कुठे आहे ते दाखवूनच विमानात बसा.