जुन्या राउटरमधलं फर्मवेअर (यंत्राच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर) कॉपी करून दुसऱ्या राउटरमध्ये टाकून विकलं तर चालेल का? आत लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच तर आहे.

हेच वाक्य माझ्या पहिल्या नोकरीत साहेबांच्या तोंडी होतं, म्हणून लिहितोय.

पुण्यातली छोटी कंपनी, सीसीटीव्हीचे डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे, विकायची. साहेबांनी एक दिवस स्पर्धकाचा डीव्हीआर टेबलावर ठेवला. म्हणाले, "यातलं फर्मवेअर काढ, लोगो बदल, आपल्या बोर्डात टाक." दोन्ही बोर्ड एकाच चिनी डिझाइनचे, त्यामुळे चाललंही असतं. फर्मवेअर साठवणाऱ्या आठ पायांच्या फ्लॅश चिपला क्लिप लावून डम्प, म्हणजे आतल्या सगळ्याची नक्कल, घेतला आणि बिनवॉक या फर्मवेअर सुटं करणाऱ्या टूलनं उघडला. आत यू-बूट (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम), कर्नल (लिनक्सचा गाभा), बिझीबॉक्स (छोट्या लिनक्स कमांडचा संच), हे सगळे मुक्त सोर्सचे, आणि शेजारी एक भलीमोठी बायनरी, म्हणजे सोर्स न दिलेला तयार प्रोग्राम. मेनू, रेकॉर्डिंग, मोबाइल ॲपशी बोलणं, सगळं तिच्यात. स्पर्धकाचं नाव आणि कॉपीराइटची ओळही तिच्यातच. मी म्हटलं, "सर, कर्नल, बिझीबॉक्स खुशाल घेऊ, पण ही बायनरी त्यांची आहे." उत्तर आलं, "लिनक्सवर चालते ना? मग फुकटच." मी हात लावला नाही. त्यांनी बाहेरून करून घेतलं. माझ्या लेखी ती चोरीच.

लिनक्स जीपीएल या लायसन्सखाली मिळतं: वापरा, वाटा, पण सोर्स (मूळ कोड) खुला ठेवा. पण लिनक्सवर चालतो म्हणून कुठलाही प्रोग्राम जीपीएल होत नाही. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स सापडल्यावर २००३ मध्ये कंपनीला सोर्स द्यावा लागला, त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त फर्मवेअर उभं राहिलं. पण वायफायचा ड्रायव्हर तेव्हाही बंद बायनरीच राहिला. शिवाय जीपीएलचा भाग विकायचा तर सोर्स सोबत द्या, नाहीतर मागेल त्याला सोर्स देऊ अशी किमान ३ वर्षांची लेखी हमी द्या. हे तुम्हालाही लागू, फक्त मोठ्या कंपन्यांना नाही.

स्वतःच्या राउटरचा बॅकअप घ्यायला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मोकळीक देतं. विकायला नाही. मी वकील नाही, आणि फर्मवेअर एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) असेल तर ते फोडण्याआधी त्याच कायद्याचं, असं कुलूप तोडण्याविषयीचं कलम ६५ए एकदा वाचा.

तुमच्या मॉडेलला ओपनडब्ल्यूआरटी चालत असेल तर ते टाका, सोर्स द्या आणि बिनधास्त विका. वरून कोणी कॉपी करायला सांगत असेल तर तो हुकूम ईमेलवर मागा. साहेबांनाही मी सरळ रस्ता सांगितला होता: चिपवाल्याकडून एसडीके (सॉफ्टवेअर लिहायचं किट) घेऊ, मेनू आपण लिहू. लिहिणारी पोरं ऑफिसातच बसली होती. साहेबांना त्यात वेळ जातोय असं वाटलं.