सोयाबीन: दाण्याच्या चकाकीवर जाऊ नका

प्रश्न (देपालपूर, जि. इंदूर): घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवलंय. दाणा मोठा, चकाकदार. काही दाण्यांवर जांभळे डाग. दुकानदार म्हणतो, औषध दुप्पट लावा, सगळं उगवेल. पेरू का?

उत्तर: दुप्पट औषध लावू नका. औषध बुरशी मारतं, मेलेला अंकुर उठवत नाही.

सोयाबीनची साल पातळ आणि अंकुर तिच्या अगदी खाली. मळणीत ड्रम जोरात फिरला किंवा पोतं ट्रॉलीवरून आपटलं, की सालीला बारीक तडा जातो. तो डोळ्यांना दिसत नाही. जमिनीत मात्र दाणा भसाभस पाणी पिऊन कुजतो. मोठ्या दाण्याला हा मार जास्तच लागतो. हिरवट, सुरकुतलेले, फुटके आणि जांभळ्या डागांचे दाणे निवडून काढा. डाग बुरशीचा आहे. तो दाणा उगवेलही, पण रोग स्वतःहून शेतात न्यायची हौस कशाला?

मग गोणपाट भिजवा. निवडलेल्या बियाण्यातून, पोत्याच्या तळापर्यंत हात घालून, सरसकट 100 दाणे घ्या (वरचेच ठसठशीत वेचलेत तर फसवताय कोणाला?). ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, सातव्या दिवशी धड कोंब मोजा. 70 आले तर एकरी 30 किलो, 60 आले तर 35. त्याखाली गेलं तर सरळ मंडीत विका.

थायरम-कार्बोक्सिनचं मिश्र औषध किलोला 3 ग्रॅम, म्हणजे 30 किलोला 90 ग्रॅम. बस्स. दुकानदार दुसरी पुडी पुढे करेल, घेऊ नका. ताडपत्रीवर हलक्या हाताने खालीवर करा. रगडलंत तर उरलीसुरली साल जाईल. सावलीत सुकवा. रायझोबियम कल्चर (मुळांवर नत्राच्या गाठी करणारे जिवंत जिवाणू) सगळ्यात शेवटी, ऐन पेरणीआधी. दोन्ही एकाच घमेल्यात कालवलंत तर कल्चर मेलंच समजा.

मृगाच्या पहिल्या सरीला तिफण काढू नका. दुकानदार घाई करेल, त्याचा माल खपायचाय. 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या.

पुढच्या मळणीला ड्रम मिनिटाला 350-400 फेऱ्यांवर ठेवा. थप्पी चार पोत्यांच्या वर नको.

अनुदानाच्या बियाण्यासाठी ऋण-पुस्तिका (जमीन-कर्जाची नोंदवही), आधार घेऊन ग्रामीण कृषी विस्तार अधिकाऱ्याकडे जा. तेही गोणपाटात तपासा, प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग असला तरी. टॅग आणि पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवा.